मुंगीच्या मापाचा धुरा

१

आमच्या रानाचा धुरा सडकेपासून वढ्यापर्यंत जातो. धुरा म्हणजे दोन रानांच्या मधला मातीचा उंचवटा, कुणी बांध म्हणतं. अलीकडं आमचं रान, पलीकडं आश्रुबाचं. सडकेपाशी जमीन सपाट हाय, मग टेकाड लागतं, टेकाडावर एक जुनी बोर हाय, बोराचं झाड, आन् तिथून उतार थेट वढ्यात.

रोही आन् डुकरं ज्वारी हाती लागू देईनात, म्हणून माझ्या लेकानं, परमेश्वरनं, धुऱ्यावर काटेरी तार ओढायचं ठरवलं. आश्रुबालाही पटलं. तार किती लागंल ते सांगायचं काम माझ्या नातीकडं आलं. राजेश्री परभणीला एका ऑफिसात जमीन मोजायच्या कामाला हाय. साखळी ओढत हिंडत न्हाई, कम्प्युटरवर मोजती.

रविवारी ती आली. मी भाकरी थापायले होते, ती चुलीसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. म्हणली, आजी, वरून सगळ्या शिवाराचे चौकोन पाडलेले असतात, चाळणीच्या भोकांसारखे. प्रत्येक चौकोनात एक आकडा. तो आकडा म्हणजे तिथली जमीन किती उंच हाय. मी विचारलं, त्याचं काय करायचं. ती म्हणली, सडकेपासून वढ्यापर्यंत पक्षी उडाला तर एकशे सत्त्याऐंशी मीटर. पण तार पक्ष्यासारखी जात न्हाई, मुंगीसारखी जाती. चढती, उतरती. मग ह्या चौकोनातून त्या चौकोनात चढउतार धरत बेरीज करायची. मुंगीची लांबी एकशे एक्क्याण्णव.

मला ते लय आवडलं. मी शाळेचं तोंड पाहिलं न्हाई. पण आठवण माझी पक्की. गारा कोणत्या साली पडल्या, कुणाच्या लग्नात किती पाटे-वरवंटे गोळा केले, कुणाची म्हैस कुठल्या आमोशाला व्याली, गावात अडलं की माझ्याकडं येतात. राजेश्री ऑफिसात सांगती, आमच्या आजीला विचारलं की कागद उघडायला लागत न्हाई. हे ऐकून मला बरं वाटायचं. आता त्याचीच लाज वाटती.

२

परमेश्वरनं थोडी जादाच धरून दोनशे मीटरची तार आणली, तीन पदरांची तीन वेटोळी. खांब रोवले. दोन गडी आन् आश्रुबा सडकेकडून तार ओढत निघाले. मी भाकरी घेऊन गेले तवा ते बोरीपाशी होते. एक गडी म्हणायला लागला, इथं तार जड लागायलीय, खालून कुणी धरल्यासारखी. दुसरा म्हणला, रात्री कमी पीत जा.

तिसऱ्या प्रहरी तार संपली. वढा अजून चार पावलं लांब होता. तिन्ही पदर सारखेच कमी पडले.

परमेश्वर दुकानदारावर उखडला. पण एक पदर सोडून टेपनं मोजला तर पुरा दोनशे भरला, तो परत ओढून बांधला. मग खांब मोजले. बरोबर होते. तार ढिली म्हणावी, तर टिचकी मारली की वाजत होती. त्यानं राजेश्रीला फोन लावला आन् म्हणला, बाई, तुझी मुंगी लंगडी हाय.

ती चिडली. मी हसले. मला वाटलं, गड्यांनीच पाच-सात हात तार घरी नेली असंल. माणूस आधी माणसावरच संशय घेतो. ते सोपं असतं.

३

ज्वारी निघाली, कडब्याच्या गंज्या लागल्या, रान मोकळं झालं. तवा राजेश्री ड्रोन घेऊन आली. म्हणली, आधीचे चौकोन मोठे होते, एकेक चौकोन आपल्या वाड्याएवढा. आता वीतभर चौकोन पाडते. पीक न्हाई, गवत न्हाई, उघडी जमीन दिसंल. ते यंत्र डोक्यावरून गुणगुणत गेलं आन् आलं.

दोन दिवसांनी तिनं घरी बसून बेरीज केली. मुंगीची लांबी दोनशे तीन.

तिनं स्वतःच कारण सांगितलं. चौकोन जितका बारीक, तितके चढउतार जास्त सापडतात, म्हणून लांबी वाढती. मोठ्या चौकोनात ढेकळं दिसत न्हाईत, बारक्यात दिसतात. तिच्या बापाला ते पटलं. मलाही पटलं. मग ती म्हणली, आजी, चित्र बघ. उंच जमीन पांढरी, खोल जमीन काळी.

मी बघितलं. टेकाड पांढरं होतं. वढा काळा होता. आन् टेकाडाच्या पांढऱ्यावरून वढ्याकडं एक काळी रेघ उतरत होती, शाईत बोट बुडवून ओढल्यासारखी.

मी विचारलं, ही कशाची.

"हा आपला धुरा, आजी."

मी तिला म्हणले, धुरा उंच असतो. गुडघ्याएवढा तरी हाय आपला. तो काळा कसा दिसंल. ती म्हणली, तेच मला कळंना झालंय. धुऱ्याच्या जागी जमीन खचल्यासारखी दिसायलीय. रुंदी वीतभर, लय झालं तर दोन वीत.

वीतभर म्हणजे पाऊल मावंल एवढी. ते मी तिला बोलले न्हाई. यंत्र चुकलं असंल म्हणले आन् उठून पाण्याला गेले. घागर भरलेली होती, तरी गेले.

४

आता ते सांगायला लागंल.

वढ्याला मोठा पूर आला त्या साली धुरा वाहून गेला. खुणेचे दगडसुद्धा गेले. तवा राजेश्रीचे आजोबा होते. पलीकडचं रान सरजाबाईचं, आश्रुबाच्या आईचं. तिचा नवरा वारलेला, आश्रुबा सहा वर्षांचा. सरजाबाई आन् मी एकाच दिवशी ह्या गावात नांदायला आलो. खुरपायला एका पातीला बसायचो. तिचं दुसरं लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं, तवा ते पुरायला आमी दोघीच गेलो होतो. बोरीच्या बुडाशी. ती बोर तवा तिच्या रानात होती, धुऱ्यापासून वीस पावलं आत. वरचा दगड मी ठेवला.

पूर ओसरल्यावर चार माणसं बसली. आमच्याकडं रीत अशी होती, की ज्याला हद्द आठवती त्यानं डोक्यावर काळ्या मातीचं ढेकूळ घ्यायचं आन् अनवाणी चालायचं. पाऊल पडंल तो धुरा. पुढं कुणी बोलायचं न्हाई. माणसांनी विचारलं, कोण चालंल. तवा सरजाबाईच माझ्याकडं बोट करून म्हणली, नर्मदा चालंल. तिला आठवतं. ती चालंल ते मला मान्य.

आदल्या दिवशी राजेश्रीचे आजोबा मला बोरीपाशी घेऊन गेले होते. पाणाड्यानं तिथं पाणी सांगितलं होतं. त्यांनी आवाज चढवला न्हाई, हात उगारला न्हाई. एवढंच म्हणले, बोरीच्या पलीकडून चाल. मी त्यांच्यावर ढकलू शकते. आजपर्यंत मनात ढकलतच आले. पण पाय माझे होते.

भर दुपारी, चारचौघांसमोर मी ढेकूळ घेऊन चालले. जमीन ओली होती, पाऊल उचललं की चपाक्क असा आवाज यायचा. सरजाबाई मागं चालत होती. बोर आली. मी पलीकडून गेले. पायाखाली दगड लागला. मला माहीत होतं तो कोणता दगड.

मागून ती बोलली. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"पाय सांभाळ, नर्मदा."

बस. त्यानंतर तिनं त्याबद्दल शब्द काढला न्हाई. संक्रांतीला वाण घेऊन यायची. माझ्या पाया पडायची, मी थोरली म्हणून. नवा धुरा घातला, दगड मातीखाली गेला. आमी बोरीजवळ विहीर पाडली. पाणी गोड लागलं. पस्तीस वर्षं ते पाणी मी प्याले. सरजाबाई जाऊन आता सहा वर्षं झाली.

५

राजेश्री तिसऱ्यांदा ड्रोन घेऊन आली. आता मात्र चौकोन तेवढेच ठेवले, उंची तीच, वेळ तीच. रानात कुणी नांगर घातला नव्हता, पावसाचा थेंब नव्हता.

मुंगीची लांबी दोनशे एकोणीस.

तिनं बेरीज पुन्हा पुन्हा केली. बाप म्हणला, ऑफिसातल्या कुणाला तरी विचार. ती म्हणली, विचारलं. ते म्हणतात सडक बरोबर हाय, वढा बरोबर हाय, विहिरीचा काठ बरोबर हाय. फक्त धुरा बुडायलाय.

तिनं मला एक चित्र दाखवलं. भाकरी मधून कापून बाजूनं बघावी तसं जमिनीचं चित्र. रेघ सडकेपासून निघायची आन् लगेच खाली जायची, माणसाच्या छातीएवढी. तशीच खालून खालून टेकाड चढायची. आन् मधे एकाच जागी झटकन वर यायची. सुपाएवढी जागा. मग पुन्हा खाली, ती वढ्यापर्यंत.

"एवढीच जागा का राहिली?" ती मलाच विचारायली. "हे बोरीचं बूड हाय. आजी, तुला आठवत असंल. इथून आधी पांदण होती का? बैलगाड्यांनी खोल झालेली, मग बुजवलेली?"

ती माझ्याकडं बघत होती. तिला कारण पाहिजे होतं आन् मीच ते देणार ह्याची तिला खात्री होती.

"व्हती," मी म्हणले. "माझ्या सासूच्या वेळेला."

तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तिनं ते मोबाइलमधी लिहून घेतलं, माझं नाव घालून. मग मिठी मारली. तिच्या बापानं राहिलेली तार आणायला त्याच दिवशी माणूस पाठवला. शुक्रवारी काम पुरं करायचं ठरलं. तार पक्की झाली की धुरा कायमचा झाला, बोर आन् विहीर कायमची आमची झाली. आन् ते लेकरू तारेखाली.

त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. एकदा खोटं बोलले तवा मागं नवरा उभा होता. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं.

६

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी रानात गेले. काठीनं धुरा टोचून बघायचा होता. सडकेपासून टोचत टोचत बोरीपर्यंत आले. माती टणक. वरून भेगा पडलेल्या. काठी बोटभरसुद्धा आत जाईना. माझ्या जिवाला बरं वाटलं. पांदण नव्हती, खड्डा नव्हता, काहीच नव्हतं. यंत्राचं यंत्राला माहीत.

बोरीची सावली तोकडी झाली होती. खांबाला टेकून बसले. वारा न्हाई, पाखरू न्हाई. ऊन असं, की लांबचा कडबा पाण्यात असल्यासारखा हलायला लागला.

मग आवाज आला. वढ्याकडून. चपाक्क. थोडं थांबून पुन्हा. चपाक्क.

मला वाटलं वढ्यात म्हशी असतील. मग आठवलं, वढा शिमग्यालाच आटला. मला वाटलं आश्रुबाचं नळीचं पाणी असंल. पण पाणी असं पावलं मोजत येत न्हाई. आवाज उतारावरून वर यायला लागला. जवळ आला तसा तो वरून न्हाई, खालून यायलाय हे कळलं. माझ्या बसल्या जागेच्याही खालून.

तारेचा खालचा पदर खाली वाकला. मग सुटला. पुढच्या खांबातला वाकला. सुटला.

आन् धुऱ्यावर मला ढेकूळ दिसलं. ओलं, काळं, हातभर पुढं सरकणारं. त्याखाली कापडाची चुंबळ. चुंबळीखाली कपाळ. त्याच्याखाली माती. धुऱ्याची उभी, टणक, भेगाळलेली माती, आन् तिच्यातून कपाळ असं चालत होतं जसं खोल पाण्यातून माणूस चालतो.

मला वाटलं सरजाबाई. मी हात जोडले. तिचं नाव तोंडात आलं.

पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. सरजाबाईला त्या साली कुंकू नव्हतं. आन् कुंकवाच्या वर गोंदण होतं, तीन ठिपके, मधला जरा खाली आलेला. ते माझ्या आईनं मला जत्रेत गोंदवलं होतं. गोंदणारीचा हात हलला होता. अख्ख्या गावात तसं दुसरं न्हाई.

ती बोरीच्या बुडाशी आली. तिथं वर चढली, मान दिसली, खांदा दिसला, हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. मग ती थांबली, पाय उचलले आन् त्या सुपाएवढ्या जागेला वळसा घालून पुढं उतरली.

त्या दिवशी मी वळले नव्हते.

मी तोंड पदरानं झाकून घेतलं. तिला माझं तोंड दिसू नये, एवढंच मनात होतं.

७

राजेश्री आन् आश्रुबा तारेचं वेटोळं मधे धरून आले तवा मी तशीच बसले होते. राजेश्रीला वाटलं ऊन लागलं. तिनं बाटली तोंडाला लावली. विहिरीचंच पाणी. मी थुंकून टाकलं.

तार जोडायला आश्रुबा वाकला, तवा मी बोलले.

"आश्रुबा, ठेव ती तार. धुरा खोटा हाय. मी खोटी चालले."

एकदा तोंड उघडल्यावर सगळंच निघालं. वीस पावलं, ढेकूळ, दगड, दगडाखालचं लेकरू. आजोबांचं नाव मी घेतलं न्हाई. राजेश्रीनं मधेच विचारलं, आन् ती पांदण? मी म्हणले, पांदण कधीच नव्हती. तिनं मोबाइल काढला आन् लिहिलेलं पुसलं. माझ्याकडं न बघता पुसलं. मला सरजाबाईपेक्षा ते जास्त लागलं, हे सांगायलाही लाज वाटती.

आश्रुबानं वेटोळं खाली ठेवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याजवळ उकिडवा बसला, लेकासारखा.

"आईनं सांगितलं होतं, मावशी. जायच्या आधी."

मी विचारलं, मंग सहा वर्षं बोलला कामून न्हाईस.

"मी म्हणलं होतं तिला, मोजणी बोलावतो. तर म्हणली, न्हाई. चालू दे तिला. थकली की बसंल."

"तिला म्हणजे कुणाला?"

त्यानं माझ्याकडं नवलानं बघितलं.

"तुमालाच की, मावशी. दुसरं कोण हाय?"

राजेश्रीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. तिला काही दिसलं नव्हतं. त्यालाही न्हाई. तारेचा खालचा पदर मात्र हलत होता, आन् तिघंही तिकडं बघत होतो, आन् वारा नव्हता.

८

तार वीस पावलं आमच्या बाजूला घेतली. मीच पुढं चालून दाखवलं, काठी टेकत, डोक्यावर काही न घेता. तिथं एकशे एक्क्याण्णव मीटरला तार पुरली आन् वर उरलीसुद्धा. बोर गेली, विहीर गेली. परमेश्वर माझ्याशी बोलतो, पण कामापुरतं. जेवायला वाढ, एवढंच. आश्रुबा म्हणतो, पाणी दोघांचं, मावशी, मोटर चालू ठेवा. त्याच्या भलेपणानं माझी मान आणखी खाली जाती. ती सुपाएवढी जागा राजेश्रीनं चौकोनांवरून काढून दिली, आश्रुबाच्या बायकोनं तिथं नवा दगड ठेवला. मी पुढं गेले न्हाई.

जुना धुरा आता आश्रुबाच्या रानात हाय. त्यानं तो मोडला, त्यावरून नांगर फिरवला. जमीन सपाट दिसती. राजेश्री मागच्या महिन्यात आली तवा मी तिला विचारलं, तिथली मुंगीची लांबी आता किती. ती म्हणली, आजी, तिथं आता मोजायचं काय कारण. पण विचारल्याबरोबर तिनं लॅपटॉप मिटला होता.

मी रोज दुपारी जाते. लोकांना वाटतं म्हातारी दगडाला जाती. मी बोरीच्या ह्या अंगाला बसते, आन् शेजारी एक रिकामं पोतं अंथरून ठेवते, ढेकळं टोचू नयेत म्हणून. आवाज येतो. मी तिच्याकडं बघत न्हाई, पायाकडं बघत बसते. पोत्याजवळ आली की ती थांबती. मग पुढं जाती.

काल थांबली ती लय वेळ थांबली. तिचा दम ऐकू येत होता. मी न बघताच म्हणले, बस बाई आता. पोतं जरासं दबलं, कडेला.

मग कुणीतरी ओल्या हातानं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवायला लागलं.